यात्रेला जावं, की यात्रा सरल्यावर?

इटलीला जायचं म्हटलं की पैसे किती लागतील आणि व्हिसा कसा मिळेल हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कधी जावं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझं मत पक्कं होतं. शहर बघायचं तर त्याच्या सणाला बघावं, तारखा सणांवरून ठरवाव्यात आणि बाकी सगळं त्यांच्या मागे ओढून न्यावं. माझ्या मामांचं मत याच्या नेमकं उलट.

मामा मूळ म्हसवडचे. मिसरूड फुटायच्या वयात गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडूत गेले. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं अशीच सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आणि जिथे गेली तिथे रुजली. पण सिद्धनाथाच्या रथाला मामा म्हसवडला येतातच. रथाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर मी माझा इटलीचा बेत त्यांच्यापुढे मांडला. खाली रस्त्यावर मेवामिठाईची पालं उभी राहत होती, घोंगड्यांच्या चवडी लागत होत्या, माणदेशातून आणि कर्नाटकातून आलेल्या गाड्या जागा शोधत होत्या. बोलणं रात्री उशिरापर्यंत चाललं. ते जवळजवळ तसंच इथे देते.

मी : मामा, तीन आठवड्यांत तीन शहरं. 16 ऑगस्टला सिएना, 3 सप्टेंबरला वितेर्बो आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी व्हेनिस. सिएनात घोड्यांची शर्यत, वितेर्बोत सांता रोझाचा मनोरा, व्हेनिसला जुन्या पद्धतीच्या होड्यांची मिरवणूक आणि शर्यती. प्रत्येक ठिकाणी आदल्या दिवशी पोचायचं, सण बघायचा, पुढे निघायचं.

मामा : म्हंजी तीन गावच्या यात्रा. आता मला सांग, उद्या कुणी परमुलखातला माणूस पयल्यांदा म्हसवडला आला, तर त्याला काय दिसंल? म्होरच्याची पाठ. गुलालानं डोळं भरलेलं, पाय टेकायला जागा न्हाय. देऊळ केवढं जुनं, खांबावर काय कोरलंय, कायबी कळायचं न्हाय. तोच माणूस माघात आला तर मंडपात निवांत बसंल, गुरवाशी बोलंल, बाजारात चा पिईल. गाव बघायचं तर यात्रा सरल्यावर बघावं.

मी : आणि यात्रेशिवायचं म्हसवड बघून त्याला काय कळेल? माण तालुक्यातलं एक गाव, कोरडी नदी आणि एक जुनं देऊळ. सिएनाचंही तेच. तिथला मधला चौक शिंपल्यासारखा उतरता आहे, विटांचा. एरवी तिथे लोक आइस्क्रीम खात बसलेले असतात. सणाच्या आधी त्याच चौकाच्या कडेनं पिवळसर माती टाकतात आणि त्या मातीवर घोडे पळतात. शहराचे सतरा भाग आहेत, प्रत्येकाला 'कोंत्रादा' म्हणतात. हंस, गोगलगाय, कासव अशी त्यांची निशाणं. माणूस ज्या कोंत्रादात जन्मतो त्याचाच मरेपर्यंत राहतो. शेजारच्या कोंत्रादाशी वैर शेकडो वर्षांचं. शर्यतीत एका वेळी दहाच पळतात, बाकीचे पुढच्या खेपेला. 2 जुलैला एक शर्यत, 16 ऑगस्टला दुसरी. सोन्याचा कस जसा आगीत, तसा शहराचा कस सणात कळतो.

मामा : सोन्याचं मला सांगू नगंस. भट्टीम्होरं उभं ऱ्हायलेल्याला नुसता ताप लागतो. कस काढायचा तर सोनं थंड व्हावं लागतं, मग ते कसोटीवर घासायचं. बरं, किती वेळ चालती ही शर्यत?

मी : चौकाला तीन फेऱ्या. सव्वा ते दीड मिनिट.

मामा : दीड मिनिट! आन् त्यासाठी तू इमानानं तिकडं जाणार?

मी : दीड मिनिटाची शर्यत असली तरी सण चार दिवसांचा आहे, मामा. 13 ऑगस्टला कुठला घोडा कुठल्या कोंत्रादाला, याच्या चिठ्ठ्या काढतात. चांगला घोडा वाट्याला आला की लोक त्याला नाचत घरी नेतात. मग रोज सकाळ-संध्याकाळ सराव, अशा सहा सराव-शर्यती. 15 ला रात्री प्रत्येक कोंत्रादात रस्त्यावर लांबच लांब टेबलं मांडून जेवणाची पंगत, हजार-हजार माणसं. शर्यतीच्या दिवशी दुपारी घोड्याला त्यांच्या चर्चमध्ये नेतात आणि पाद्री घोड्यालाच आशीर्वाद देतो. बिनखोगिराचे घोडे असतात. स्वार पडला आणि रिकामा घोडा पहिला आला, तरी तोच जिंकला.

मामा : घोडा देवळात नेत्यात, हे ग्वाड हाय. पर मग तू 15 ला का पोचतीस? घोडं वाटत्यात तवा तू रोममधी, पंगत बसती तवा तू बॅग उघडत असणार. तू जाणार आन् बघणार निस्ती शेवटची दीड मिनिटं.

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण वेळापत्रक खरोखर तसंच होतं. मामांनी मग म्हसवडचंच सांगायला घेतलं. बाहेरून रथाला येणाऱ्या बहुतेकांना जे ठाऊक नसतं ते हेच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

म्हसवडचा रथ म्हणजे सिद्धनाथ आणि जोगेश्वरीच्या लग्नाची वरात. हे लग्न महिनाभर चालतं. दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात, देवाला हळद लागते आणि लग्नाला सुरुवात होते. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत बारा दिवसांचं नवरात्र. या दिवसांत कितीतरी भाविक उभ्याचं व्रत धरतात, बसायचं म्हणून नाही. कार्तिक द्वादशीला रात्री देवाचं लग्न लागतं. त्यानंतर मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीला, देव रथात बसून गावात निघतो. वरचा गुलाल, उधळलेलं खोबरं, 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं'चा गजर, फोटोत दिसतं ते सगळं या एका दिवसाचं.

मामा : तवा रथाला येणारा पावणा हा वरातीत आल्याला पावणा. हळद त्यानं बघितली न्हाय, अक्षता टाकल्या न्हाईत. तो म्हणणार, म्या लगीन बघितलं. माझी आई पाडव्यापासनं बारा दिस उभी ऱ्हायची. पाय सुजून खांबावानी व्हायचं. तिला रथाच्या दिशी जे दिसायचं ते तुला-मला दिसत न्हाय.

मी : पण मग तुम्ही स्वतः तर रथालाच येता. पाडव्याला तुमची भट्टी चालू असते.

मामा : व्हय. धंदा सोडून महिनाभर येता येत न्हाय. पर मला आईचं पाय ठावं हायती. आन् आमची रथाला हजेरी लागती, ती बघ्याची न्हाय. आमचं कुलदैवत हाय ते. इथं ज्याचा त्याचा मान ठरलेला हाय. राजेमान्यांचा मान, पुजाऱ्यांचा, बलुतेदारांचा. मान असल्याला माणूस यात्रेत असतो आन् मान नसल्याला यात्रा बघतो. तुला तिकडं कसला मान?

मी : मानाचंच सांगते तुम्हाला. गुब्बिओ म्हणून डोंगरातलं गाव आहे. तिथे 15 मे ला तीन लाकडी खांब खांद्यावर घेऊन लोक पळतात, त्यांना 'चेरी' म्हणतात. एकेक खांब सुमारे चार मीटर उंच आणि तीनशे किलोच्या आसपास वजनाचा. वर एकेका संताची मूर्ती. संत उबाल्दो गवंड्यांचा, संत जॉर्ज व्यापाऱ्यांचा, संत अँथनी शेतकऱ्यांचा. गावातून पळत पळत थेट डोंगरावरच्या चर्चपर्यंत. आणि पहिला कोण येणार हे ठरलेलं. दर वर्षी संत उबाल्दो पहिला, मग जॉर्ज, मग अँथनी. पुढच्याला मागे टाकायचंच नसतं.

मामा : निकाल आदीच ठरल्याला? मग पळत्यात कशापायी?

मी : आपल्या खांद्यावरचा खांब डगमगू द्यायचा नाही, पडू द्यायचा नाही, अंतर पडू द्यायचं नाही. कोण पहिला यापेक्षा कसा नेला, हे गाव वर्षभर बोलतं.

मामा : हे पटतंय. आपल्या सासनकाठ्यांचं तसंच हाय. पर माझं म्हननं त्यानं अजूनच पक्कं झालं बघ. त्या खांबाला तुझा खांदा न्हाय.

मी : नसू दे. खांदा देणारे दोन-चारशे असतात, मामा, आणि चांगभलं म्हणणारे लाखभर. उद्या रस्त्यावर कुणीच नसेल तर रथ कुणासाठी निघेल? 2020 ला कोरोनात यात्रा भरली नाही, तेव्हा काय झालं ते तुम्हीच सांगितलंय. सिएनाची शर्यत 2020 आणि 2021 अशी दोन्ही वर्षं झाली नाही. वितेर्बोचा मनोराही त्या दोन वर्षांत हलला नाही. तुम्ही म्हणता तशी निवांत, मोकळी शहरं तेव्हा होती. आवडली का कुणाला?

मामा : (बराच वेळ गप्प राहून) त्या साली म्या फोनवर आरती ऐकली. पर पोरी, रडलं कोण? गावातलं रडलं, कुलदैवत असल्यालं रडलं. बघं रडलं न्हाईत. त्येंनी दुसऱ्या गावचं तिकीट काढलं आसंल.

हे वाक्य मला लागलं आणि अजूनही पूर्ण खोडता येत नाही. सणासाठी येणारा परका माणूस आणि सणाचा माणूस यांत अंतर आहे. ते मिटवता येतं असं मला वाटत नाही. कमी करता येतं, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे. तीन शहरांचा माझा बेत याच कसोटीवर कोसळला.

मग तारखांवर बोलणं आलं. मामा या बाबतीत मुरलेले आहेत. तिथीवर चालणाऱ्या सणासाठी तारखेवर चालणाऱ्या रेल्वेत जागा धरण्यात त्यांचं आयुष्य गेलंय.

मामा : देवदिवाळी 2023 ला 13 डिसेंबरला आली, 2024 ला 2 डिसेंबरला, 2025 ला 21 नोव्हेंबरला. दर साली दहा-अकरा दिस मागं सरकती. 2026 ला अधिक जेठ हाय, म्हणून पुन्ना डिसेंबरात. नवं पंचांग आलं की आमी पयलं हे बघतो. पूर्वी रेल्वेचं बुकिंग 120 दिस आदी उघडायचं, आता 60 दिसच. त्या सकाळी सगळी गलाईवाली माणसं मोबाइल धरून बसल्याली असत्यात. तुज्या इटलीवाल्यांचं बरं, तारखा कायमच्या.

मी : सगळ्याच नाहीत. ईस्टर चंद्रावर चालतो. वसंत सुरू झाल्यावरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. 2024 ला 31 मार्च, 2025 ला 20 एप्रिल, 2026 ला 5 एप्रिल. व्हेनिसचा मुखवट्यांचा कार्निव्हल त्याच हिशेबानं पुढेमागे होतो. त्यांनाही पंचांग बघावं लागतं. फ्लॉरेन्सला ईस्टरच्या रविवारी एक उंच लाकडी गाडा पांढऱ्या बैलांनी ओढत मोठ्या चर्चसमोर आणतात...

मामा : थांब. पांढरं बैल? कुठल्या जातीचं?

मी : किआनिना म्हणतात. त्याच भागातली जात, प्रचंड मोठी.

मामा : खिलारापेक्षा?

मी : उंचीला आणि अंगाला खिलारापेक्षा पुष्कळ जास्त. शिंगं मात्र आखूड. त्यांना फुलांनी सजवतात. चर्चमध्ये वेदीपासून बाहेरच्या गाड्यापर्यंत तार बांधलेली असते. पारव्याच्या आकाराचा एक बाण वेदीजवळ पेटवतात, तो तारेवरून सरसरत येऊन गाड्यावरचं दारूकाम पेटवतो आणि तसाच परत जातो. तो नीट परत गेला तर पीक चांगलं येणार, असं तिथले शेतकरी मानत आले.

मामा : शिंगं आखूड म्हंजी खिलाराची शान न्हाय त्येला. (हसून) पर बैल बघायला मी आलो असतो. खरसुंडीच्या बाजारात लहानपणी बानं खांद्यावर बसवून खिलारं दावली हुती.

व्यवहाराच्या गोष्टी भराभर उरकल्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी 90 युरो, आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरून चालतात, सुट्टीच्या हंगामात त्याहून जास्त लागू शकतात. 15 ऑगस्टला इटलीत 'फेर्रागोस्तो'ची सार्वत्रिक सुट्टी. त्या आठवड्यात घरगुती खानावळी आणि छोटी दुकानं सर्रास बंद, गाड्या भरलेल्या, ऊन कडक. सणाच्या मुक्कामी खोल्या महिनोन्‌महिने आधी संपतात, तेव्हा शेजारच्या गावात राहून ये-जा करण्याची तयारी हवी. सिएनाच्या चौकात मधोमध उभं राहायला पैसे पडत नाहीत, पण एकदा आत गेलं की तासन्‌तास उन्हात उभं राहायचं, बाहेर पडायची सोय नाही. व्हेनिसनं तर एप्रिल 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्याला 5 युरो प्रवेशकर लावला, पुढे आयत्या वेळी येणाऱ्याला तो दुप्पट झाला. मुक्कामाला राहणाऱ्याला तो पडत नाही.

मामा : पंढरपुरातबी यात्राकर हुताच की. पर यातनं येक ध्येनात घे. जो ऱ्हातो त्येला कर न्हाय, जो येऊन पळतो त्येला कर. गाव सांगतंय तुला, ऱ्हा म्हणून.

शेवटी मी त्यांना वितेर्बोचं सविस्तर सांगितलं, कारण तीनांतलं एकच ठेवायचं तर ते, हे तोवर माझ्या मनात ठरत आलं होतं. रोमपासून आगगाडीनं साधारण दोन तासांवरचं हे गाव. परदेशी पर्यटकांच्या यादीत ते खूप खाली असतं. संत रोझा ही तिथली तेराव्या शतकातली मुलगी, विशीही न गाठता गेली. 1258 मध्ये तिचा देह आत्ताच्या चर्चमध्ये नेला, त्याची आठवण म्हणून 3 सप्टेंबरच्या रात्री गाव तिची मूर्ती एका मनोऱ्यावर बसवून मिरवतं. मनोरा सुमारे तीस मीटर उंच, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा, आणि पाच टनांच्या आसपास वजनाचा. त्याला चाकं नाहीत. शंभरेक माणसं तो खांद्यावर आणि पाठीवर घेतात.

मामा : पाच टन खांद्यावर?

मी : त्यांना 'फाक्किनी' म्हणतात, म्हणजे हमाल. अंगात पांढरे कपडे, कमरेला लाल पट्टा. ऐरागैरा घेत नाहीत. दीडशे किलोची पेटी उचलून ठरलेलं अंतर चालून दाखवावं लागतं, तेव्हा निवड. त्या दिवशी दुपारी ते सगळे मिळून सात चर्चना पायी जाऊन येतात. मनोरा उचलायच्या आधी बिशप त्यांना मरणाऱ्या माणसाला देतात तो आशीर्वाद देतो, कारण काहीही होऊ शकतं. मग रस्त्यावरचे दिवे बंद. त्या अरुंद गल्ल्यांतून घरांच्या छपरांच्या वर, नुसत्या उजेडानं भरलेला मनोरा सरकत येतो. शेवटी चर्चकडे तीव्र चढ आहे. तिथे पुढून जादा माणसं दोर लावून ओढतात.

मामा : दोर! (उठून कठड्याशी जाऊन) हे बघण्यासारखं हाय. पर इथंबी तसंच. ते शंभर जण त्या राती कुठनं उठून आले, कुणाच्या बापानं आदी खांदा दिल्ता, हे तुला ठावं नसंल तर तुला निस्ता दिव्यांचा खांब दिसंल.

मी : म्हणूनच मी आता 28 ऑगस्टला पोचणार. मनोरा गावाच्या वेशीजवळ पालाखाली जोडतात, ते काम आधी काही दिवस चालतं. 2 सप्टेंबरला संत रोझाच्या हृदयाची मिरवणूक निघते. 3 ला मनोरा. त्यानंतर काही दिवस तो चर्चसमोरच उभा असतो, गाव येऊन त्याला बघून जातं. मी तोवर राहीन. आणि तुमची निवांत शहराची गोष्टही होईल. पोपचा जुना वाडा तिथेच आहे. 1268 ते 1271 जवळजवळ तीन वर्षं नवा पोप निवडला जाईना, तेव्हा गावकऱ्यांनी निवडणाऱ्या धर्मगुरूंना कोंडलं आणि वरचं छप्परच उतरवलं.

मामा : गाव कडक हाय. सिएना आन् व्हेनिस?

मी : या खेपेला नाही.

मामा : मग जा. तरी माझं म्हननं ऱ्हातंच. तितनं आल्यावर सांग, 3 तारखेला जास्त कळलं का 30 तारखेला.

दुसऱ्या दिवशी रथ निघाला तेव्हा मामा गच्चीवर नव्हते, खाली गर्दीत होते. वरून ते मला दिसत नव्हते. त्यांचं मत यात्रेविरुद्ध आहे, पण त्यांच्या आयुष्याचं वेळापत्रक मात्र यात्रेनंच लिहिलेलं आहे. या दोन गोष्टींत मला विसंगती वाटत नाही. यात्रेत ज्याचा जीव आहे त्यालाच ती नुसती बघितली जाण्याचं दुःख होतं. आणि माझं मतही मी सोडलेलं नाही. सणाला जावंच. फक्त एका प्रवासात एकच सण धरावा, तोही पर्यटनखात्यानं अलीकडे उभा केलेला नको, गाव स्वतःसाठी करत आलेला हवा. मुख्य दिवसाच्या निदान चार दिवस आधी पोचावं आणि गर्दी पांगल्यावर दोन दिवस राहावं. खर्च वाढत नाही. तीन शहरांमधल्या धावपळीत जातं त्याच पैशांत हे बसतं.

इटलीला जाणं ज्यांना जमणार नाही त्यांनी म्हसवडला यावं. गाव सातारा-पंढरपूर रस्त्यावर आहे. पंचांगात देवदिवाळीची तारीख बघा, पण तेवढीच बघू नका. त्याआधीच्या तुळशीच्या लग्नाची रात्रही धरून ठेवा. रजा एकाच वेळची मिळणार असेल, तर लग्नाला या. रथ पुढच्या वर्षी बघा.